पुसलेली बाजू

गेल्या हिवाळ्यात मी तीन शनिवार दिल्लीच्या लाजपतराय मार्केटात घालवले. वैशालीला मेट्रो धरायची, मंडी हाउसला गाडी बदलायची, लाल किल्ल्याच्या स्थानकावर बाहेर पडायचं आणि रस्ता ओलांडून त्या बोळांत शिरायचं. तारांची भेंडोळी, कर्णे, अ‍ॅम्प्लिफायर, दिव्यांच्या माळा, माणसाएवढे उंच स्पीकर. आमच्या गाझियाबादच्या लग्नांत मध्यरात्र उलटेपर्यंत जे दणदणत असतं, त्यातलं बरंचसं अशाच बोळांतून येतं. मला मात्र फार थोडं हवं होतं: एक मायक्रोफोन, त्याचा आवाज संगणकात पोचवणारी पेटी (दुकानदार तिला ‘साउंड कार्ड’ म्हणतात, जाणकार ‘ऑडिओ इंटरफेस’), एक स्टँड, एक हेडफोन, दोन केबल.

“क्या रिकॉर्ड करना है, मैडम? पॉडकास्ट?”

“माँ गाती हैं. चक्की पीसते हुए जो गाते हैं, वो.”

दुकानदार साठीचा होता. त्याने मान डोलावली. त्याच्याही आईने दळलं असणार. “अच्छा, बिना म्यूझिक के,” तो म्हणाला आणि एक खोकं खाली काढलं. मग मला धीर द्यावा तसं म्हणाला, “चक्की की आवाज़ की चिंता मत करो. सॉफ्टवेअर से निकल जाएगी. नॉइज़ ही तो है.”

मी त्या दिवशी काहीच न घेता परत आले. पैशांचा प्रश्न नव्हता. त्याचं ते शेवटचं वाक्य मला पटलं नव्हतं आणि का पटलं नाही हे सांगता येत नव्हतं. ओव्यांची हिंदी भाषांतरं मी दोन वर्षांपासून करते आहे, छापील संग्रहांवरून. त्यांत जात्याचा आवाज नसतोच. मग तो गेला तर माझं काय बिघडणार होतं? पण बिघडत होतं खरं. त्या निमित्ताने, घरात आवाज साठवायचं यंत्र माणसांनी केव्हापासून विकत घेतलं आणि घेतल्यावर त्यात काय भरलं, याचा माग काढत बसले. यंत्रविद्येतलं मला फारसं कळत नाही. मला शोधायचं होतं ते एवढंच, की बटण कोणाच्या हातात होतं.

एडिसनने १८७७ साली जो फोनोग्राफ केला तो ऐकवायचा, तसा टिपूनही घ्यायचा. मेणाच्या नळकांड्यांचं यंत्र पुढे बाजारात आलं तेव्हा तर कोणीही हौशी माणूस घरात बसून आपल्या बायकोमुलांचा आवाज उतरवून घेऊ शकत होता. कलकत्त्यात हेमेंद्रमोहन बोस यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात अशा नळकांड्यांवर रवींद्रनाथांचा आवाज घेतला होता. म्हणजे घरगुती ध्वनिमुद्रण ही संगणकाने दिलेली देणगी नव्हे. ते आधी होतं आणि मग गेलं. घालवलं ते तबकडीने. तबकडी स्वस्त पडे, टिकाऊ असे, एका साच्यावरून हजारो काढता येत. पण ग्रामोफोनची पेटी फक्त वाजवायची. घरातल्या माणसाने विकत घ्यायचं, किल्ली फिरवायची, सुई ठेवायची आणि गप्प बसून ऐकायचं.

फ्रेड गायसबर्ग १९०२च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला आला आणि गौहर जानचं गाणं त्याने तबकडीवर घेतलं, ही गोष्ट आता सर्वांना माहीत आहे. गाण्याच्या शेवटी ती आपलं नाव इंग्रजीत का सांगते तेही माहीत आहे: मुद्रिका छापायला जर्मनीत हॅनोवरला जात आणि तिथल्या कारागिरांना कोणाचं गाणं ते कळायला हवं. मला त्या वेळची आणखी एक अडचण जास्त महत्त्वाची वाटते. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. विजेवरचं ध्वनिमुद्रण १९२५नंतरचं. त्याआधी भल्यामोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावं लागे आणि तेही तीन मिनिटांत संपवावं लागे. ज्याचा आवाज दणकट, ज्याला बाजारात नाव, ज्याचं गाणं तीन मिनिटांत बसतं, तो तबकडीवर आला. बाकीचे राहिले. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, अल्लादियाखाँसाहेब १९४६ साली. दोघांचंही गाणं आज आपल्याला यंत्रातून ऐकू येत नाही. शिष्यांच्या गळ्यात जे उतरलं त्यावरून अंदाज करायचा. एवढ्या थोर गवयांची ही गत, तर पहाटे चारला जात्यावर बसलेल्या बाईच्या आवाजाला कंपनी कशाला विचारते! तिचं गाणं तीन मिनिटांत बसणारं नव्हतंच. ते पायलीच्या मापाने चाले. दळण संपलं की गाणं संपलं.

लिहून घेणारे होते. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या गोळा केल्या, सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीच्या कामात आयुष्य घातलं. बहिणाबाई चौधरींची गाणी त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, जपली आणि बाई गेल्यावर वर्षभराने, १९५२ साली, ती पुस्तकरूपाने आली. त्या वहीवाचून मराठी कविता केवढी उणी राहिली असती! पण आपल्या हाती आली ती वही. खानदेशातल्या त्या बाईने ‘बाई’ म्हणताना स्वर कुठे ओढला आणि श्वास कुठे घेतला, ते वहीत कसं मावणार?

इथे पेटीविषयी, म्हणजे हार्मोनियमविषयी, एक गोष्ट सांगून पुढे जाते. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली हार्मोनियमला बंदी केली. तिचे स्वर ठोकळ्यासारखे, मींड नाही, श्रुती नाहीत, असा आक्षेप. ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. एकतीस वर्षं! या काळात गोविंदराव टेंब्यांच्या महाराष्ट्रात देवळात, भजनात, नाटकात, चाळीतल्या खोलीत पेटी वाजतच होती. मराठी मध्यमवर्गाने संगीतासाठी घरात पहिली मोठी रक्कम घातली असेल तर ती बहुधा पेटीवर. आकाशवाणीच्या मायक्रोफोनपुढे मात्र ती चालत नव्हती. आक्षेप संगीताच्या दृष्टीने खोटा नव्हता, हे मला मान्य आहे. पण कुठला ध्वनी गाणं आणि कुठला गोंगाट हे मायक्रोफोनचा मालक ठरवतो, हे लाजपतराय मार्केटातल्या माझ्या दुकानदाराआधी पुष्कळ वर्षं ठरून गेलेलं होतं.

टेपरेकॉर्डरने टिपायचं बटण घरात परत आणलं, पण सावकाश. दुसऱ्या महायुद्धानंतर चुंबकीय फितीची यंत्रं जगभर पसरली. आपल्याकडे ती मोठी स्पूलची, जड आणि महाग. दादर-पुण्याच्या एखाद्या डॉक्टरांकडे, वकिलांकडे असायची. गणेशोत्सवातल्या बैठकीला ते यंत्र पुढच्या रांगेत मांडलेलं, शेजारी मालक कानाला हेडफोन लावून बसलेले. या मंडळींचे उपकार फेडता येणार नाहीत. कुमार गंधर्वांचं, मल्लिकार्जुन मन्सुरांचं जे मोकळं, घड्याळाकडे न पाहता गायलेलं गाणं आज ऐकायला मिळतं त्यात अशा घरगुती स्पूलचा मोठा वाटा आहे. पण फीत महाग होती. महाग फितीवर बुवांचं गाणं घ्यायचं. स्वयंपाकघरात आई काय म्हणते ते घ्यायचं कोणाच्या डोक्यात येणार?

मग कॅसेट आली. फिलिप्सने ती १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मांडली होती. आपल्याकडे तिचा पूर आला सत्तरच्या दशकाच्या शेवटी, आयातीचे निर्बंध सैल झाले आणि आखाती देशांतून परतणारा प्रत्येक जण खांद्यावर टू-इन-वन घेऊन येऊ लागला तेव्हा. या पुराचा उगम मी राहते त्याच मुलखात आहे. दर्यागंजात फळांच्या रसाचं दुकान चालवणाऱ्याचा मुलगा गुलशन कुमार कॅसेटच्या धंद्यात उतरला आणि त्याच्या कंपनीचा, सुपर कॅसेट्सचा, कारखाना नोएडात उभा राहिला. नोएडा आणि गाझियाबाद जिल्हा, दोन्ही १९७६ सालचे. साहिबाबादेत त्याआधी दोनच वर्षं सरकारची सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स सुरू झालेली. यमुनेपलीकडची उसाची, गव्हाची शेतं बघता बघता तारा जोडणाऱ्या आणि डबे भरणाऱ्या वसाहती झाली. पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकाने उत्तर हिंदुस्थानातल्या या कॅसेटयुगावर १९९३ साली पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: एका मोठ्या कंपनीच्या हाती एकवटलेला धंदा कॅसेटमुळे शेकडो लहान हातांत गेला आणि व्रजातला रसिया, हरियाणातली रागिनी, जे कधी तबकडीवर आलं नसतं ते बाजारात आलं. महाराष्ट्रातही तेच घडलं. प्रल्हाद शिंद्यांचा आवाज एसटी स्टँडावरच्या टपरीपासून पंढरीच्या वाटेवरच्या हॉटेलापर्यंत पोचला. दीक्षाभूमीच्या आणि चैत्यभूमीच्या गर्दीत भीमगीतांच्या कॅसेटींचे ढीग लागू लागले.

मॅन्युएलचं पुस्तक मी एम.ए.ला असताना वाचलं होतं, तेव्हा ते मला फार आशावादी वाटलं होतं. आता तसं वाटत नाही. पण त्यात बाजारात विकलेल्या कॅसेटींची गोष्ट आहे. घरात भरलेल्या कॅसेटींची कोणी लिहिलेली नाही आणि लिहिणार तरी कशी? त्यातली एक मला माहीत आहे.

माझ्या मामाने १९८७ साली मुंबईच्या मुसाफिरखान्यातून एक जपानी टू-इन-वन आणला. तो दिवाळीला परभणी जिल्ह्यातल्या आमच्या आजोळी घेऊन आला. सोबत तीन कोऱ्या साठ मिनिटांच्या कॅसेटी. दोन त्याने मुंबईतच भरून आणल्या होत्या. तिसरीवर भाऊबीजेच्या पहाटे त्याने आजीच्या ओव्या घेतल्या. गावात पिठाची गिरणी येऊन बरीच वर्षं झाली होती. पण दिवाळीच्या आधीची डाळ आणि पुरणाचं थोडं आजी जात्यावरच करायची, आणि बसली की ओवी सुटायचीच. मामाने यंत्र जात्यापासून हातभर अंतरावर जमिनीवर ठेवलं. अर्धा तास, बाजू अ. गावातल्या बायका आठवडाभर येऊन ती ऐकून गेल्या. आजी मात्र दर वेळी उठून परसात जायची.

पुढच्या उन्हाळ्यात मी दहा वर्षांची होते. विविध भारतीवर सिनेमाची गाणी लागली होती, मला ती हवी होती आणि घरात चौथी कॅसेट नव्हती. रेकॉर्ड आणि प्ले ही दोन्ही बटणं एकदम दाबायची, एवढं मला शिकवलेलं होतं. कॅसेटच्या पाठीला दोन्ही कोपऱ्यांत प्लॅस्टिकची बारीक टिकली असते. ती मोडली की त्या बाजूवर दुसरं काही घेता येत नाही. हे मात्र आमच्यात कोणालाच माहीत नव्हतं. आजीच्या ओव्यांवर मी सात सिनेगीतं घेतली. सातवं संपायच्या आत जाहिरात लागली म्हणून बटण सोडलं. त्यामुळे बाजूच्या अगदी शेवटी, फीत संपायच्या आधी, ओव्यांचे चाळीस सेकंद उरले आहेत.

मला कोणी रागावलं नाही. हीच त्यातली बोच आहे. आजी हसली आणि म्हणाली, “तुझी गाणी तरी बरी हायेत.” मामाला वाटलं, पुढच्या दिवाळीला पुन्हा घेऊ. पुढच्या दिवाळीला आजी नव्हती.

एवढ्यावरून कोणाला वाटेल की मराठवाड्यातल्या जात्यावरचा आवाज असाच हातोहात गेला. तो गेला नाही आणि का गेला नाही, ही गोष्ट मला फार उशिरा कळली. गी प्वातवँ हे फ्रान्समधून आलेले आणि इथलेच झालेले अभ्यासक, आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर, मुळशीच्या डोंगरात ‘गरीब डोंगरी संघटना’ या नावाने कष्टकऱ्यांबरोबर काम करत होते. तिथल्या बायका मनातलं बोलायच्या त्या ओवीतून. ऐंशीच्या दशकात त्या ओव्या लिहून घ्यायला सुरुवात झाली. काम मुळशीतून बाहेर पसरत गेलं आणि शेवटी आकडा एक लाखाच्या वर गेला. एक लाख ओव्या! त्याही गावोगाव जाऊन, बाईचं नाव, गाव, जात यांसह टिपलेल्या. ‘लोक’ नावाच्या कुणा बिनचेहऱ्याच्या कवीच्या नावावर ढकललेल्या नाहीत. माझ्या लेखी या कामाचा मोठेपणा आकड्यापेक्षा यात आहे.

पण लिहिणं झालं, आवाजाचं काय? तिथे बर्नार्ड बेल आले. हे संगणक अभियंते, फ्रान्सच्या राष्ट्रीय विज्ञान संशोधन संस्थेचे. घरी बसून संगणकावर संगीत करणाऱ्या आजच्या मुलांना त्यांची आणखी एक ओळख आवडेल: ऐंशीच्या दशकात तबल्याच्या कायद्यांचं व्याकरण मांडणारा ‘बोल प्रोसेसर’ त्यांनी लिहिला, तोही एका लहानशा अ‍ॅपल टूसी संगणकासाठी, कारण तो उचलून लखनऊच्या उस्तादांसमोर नेता येत होता. बेल १९९३ ते १९९८ या काळात ओव्यांच्या कामात होते. त्यांनी सगळ्या ओव्यांची संगणकीय सूची बांधली आणि गावोगाव जाऊन एकशे वीस तासांहून जास्त ध्वनिमुद्रण केलं. ती डिजिटल टेपची वर्षं. डॅटची कॅसेट आपल्या नेहमीच्या कॅसेटपेक्षा लहान, पण आवाज सीडीच्या तोडीचा आणि यंत्र खांद्याला अडकवून नेण्याजोगं. स्टुडिओच्या दर्जाचं काही वस्तीवर, जात्यापाशी नेता आलं ते असं. माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली बाबासाहेबांवरच्या ओव्या घेतल्या गेल्या. त्याच वर्षी परभणी जिल्ह्यात ताडकळसला गंगूबाई अंबोरे यांचा आवाज घेतला गेला.

ही ध्वनिमुद्रणं जपायला ठेवली गेली ती गुरुग्राममध्ये. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं संगीतविषयक संग्रहालय, एआरसीई, १९८२ साली पुण्यात सुरू झालं आणि नंतर दिल्लीच्या अंगाला आलं. सेक्टर बत्तीसमध्ये, काचेच्या इमारतींच्या गराड्यात ते आहे. अर्नोल्ड बाके यांनी १९३०च्या दशकात मेणाच्या नळकांड्यांवर घेतलेल्या आवाजांच्या प्रतीही तिथे आहेत. पुढे ओव्यांची ध्वनिमुद्रणं फ्रान्समधल्या एक्स-आँ-प्रोव्हांसच्या भाषासंग्रहात गेली आणि २०१७पासून ‘पारी’ या ग्रामीण पत्रकारितेच्या व्यासपीठावर ती भाषांतरांसह एकेक करून सर्वांना ऐकता येऊ लागली. मी गाझियाबादला येऊन राहिले तेव्हा माझ्या आजोळच्या मुलखातला आवाज माझ्या घरापासून पन्नासेक किलोमीटरवर, थंड हवेच्या खोलीत, कपाटात होता. मला पत्ता नव्हता.

गंगूबाईंचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो कानात इअरफोन घालून, भाषांतर करता करता. दोन ओळींचा मजकूर समोर होता. ऐकू येत होतं ते त्या दोन ओळींहून पुष्कळ जास्त. एका शब्दावर थांबायचं, अर्धी ओळ पुन्हा घ्यायची, मधे ‘बाई’, मधे ‘गं’, मग उरलेलं. बायका याला चाल म्हणत नाहीत, ‘गळा’ म्हणतात. अमक्या गळ्यावर तमकी ओवी. माझ्या हिंदी भाषांतरात मी दोन ओळींच्या नेटक्या दोन ओळी केल्या होत्या, ‘बाई’ आणि ‘गं’ भरतीचे म्हणून गाळले होते. आता कळत होतं की ते भरतीचे नव्हते. खुंटा एका हातातून दुसऱ्या बाजूला जातो तेवढा वेळ त्यांनी धरून ठेवलेला असतो. जातं फिरतं म्हणून ‘बाई’ येते. लाजपतराय मार्केटातल्या त्या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं, ते हे होतं. मीही भाषांतरात गोंगाट पुसतच होते की.

तेव्हा दुसऱ्या शनिवारी मी यादी बदलली. एक माइक घेणार होते, त्याऐवजी दोन, आणि पेटीही दोन माइक स्वतंत्र घेणारी. पहिला कंडेन्सर. त्याला पेटीतून ४८ व्होल्टची वीज पुरवावी लागते आणि तो फार हळवा असतो. कुजबूजही घेतो आणि खालच्या मजल्यावरची कुकरची शिट्टीही. दुसरा साधा डायनॅमिक, सभेत वक्त्याच्या हाती असतो तसा. तो जवळचं तेवढं ऐकतो आणि धक्के सोसतो. तो जात्यासाठी. डायनॅमिक माइकचं एक प्रसिद्ध अमेरिकन मॉडेल आहे, त्याच्या हुबेहूब नकला बाजारात ढिगाने मिळतात. पहिल्या खेपेला एका दुकानातून मी तीच घेऊन आले. खऱ्यापेक्षा हलकी लागली तेव्हा संशय आला. तिसरा शनिवार त्यात गेला. एकूण २२ हजार रुपये. आईला मी आठ सांगितले.

आवाज अडवायला खोलीच्या भिंतींना लावायचा काळा स्पंज मिळतो. तो घेतला नाही. पश्चिम उत्तर प्रदेशातल्या घरात हिवाळ्यात रजायांची कमी नसते. दोन दारावर टांगल्या, एक खिडकीवर, एक जमिनीवर घातली. महामार्गाची घरघर त्यानेही थांबत नाही, नुसती दूर जाते. लिफ्टची टिंग, सब्जीवाल्याची आरोळी, शेजारच्या सोसायटीतला जागरणाचा ढोल, सगळ्यांची वेळापत्रकं मी पंधरा दिवस टिपून ठेवली. पहाटे साडेचार ते सहा एवढीच वेळ मोकळी निघाली. म्हणजे आजीचीच वेळ.

सगळं मांडलं आणि आई गप्प. ती आता अठ्ठ्याहत्तरची आहे. माइककडे बघून म्हणाली, “हे असं नुसतं कसं येईल? हाताला काही नको का?” मी म्हटलं, नुसतं म्हण. तिने दोन ओव्या म्हटल्या, म्हणजे वाचून दाखवाव्यात तशा सांगितल्या. छापील संग्रहातल्यासारख्या, दोन दोन ओळी.

मग जातं शोधणं आलं. इथल्या लोकांना मी ‘जाँता’ म्हटलं की जुन्या पिढीला कळतं, बाकीच्यांना ‘हाथ की चक्की’ सांगावं लागतं. सिलबट्टे विकणाऱ्या पाथरवटांचं एक पाल रस्त्याकडेला होतं, त्यांच्याकडे एक निघालं. आमच्याकडच्यापेक्षा लहान, गुलाबी दगडाचं, १,८०० रुपयांना. सामानातली ती शेवटची वस्तू आणि चौथ्या मजल्यावर चढवायला सगळ्यांत जड. आईने त्याच्यावर हात फिरवला आणि टाकी नीट लागलेली नाही म्हणून मोडीत काढलं. मग दोन दिवस भरड बाजरी दळून दळून टाकून दिली, दगडाची कच जाईपर्यंत. ज्वारी मला मयूर विहारच्या एका दुकानात मिळाली.

तिसऱ्या पहाटे ती बसली. एक पाय दुमडलेला, एक लांब. तोंडात मूठभर वैरण घातली, खुंटा धरला, आणि दहाबारा फेऱ्यांनंतर, मी काही न सांगता, गळा लागला. दळताना माणूस पुढे-मागे झुलतं, हे मी विसरले होते. कंडेन्सरपासून तोंड कधी वीतभर, कधी दोन हात. आवाज येतो, जातो. यंत्रातला काटा लाल होतो, मावळतो. कोणत्याही ध्वनिमुद्रकाने हा दोष सांगितला असता. मी माइक थोडा मागे घेतला आणि तसंच चालू दिलं.

तिला नंतर हेडफोन लावून दिला. आधी चुकून फक्त पहिल्या माइकचा आवाज लावला. ऐकता ऐकता तिच्या कपाळाला आठी पडली. “जातं कुठं गेलं गं?” मी दुसरी कळ वर केली.

मग मी तिला ते चाळीस सेकंद ऐकवले. कॅसेटची फीत मी आधीच एका जुन्या यंत्रावरून संगणकात उतरवून ठेवली होती. आई काही बोलली नाही. आजीचा आवाज, खाली दगडाची घरघर, कुठेतरी कोंबडा, आणि मधेच खट्ट करून बटण वर आल्याचा आवाज. ओवी अर्धीच राहते. आईने हेडफोन काढला नाही. जिथे फीत संपली तिथून तिने उरलेली ओवी म्हटली, पुढची म्हटली, आणि त्याच्या पुढची, डोळे मिटून, हाताने हवेतच खुंटा फिरवत. चार-पाच ओव्या तरी असतील. यातली एकही मी आधी ऐकलेली नव्हती.

मी रेकॉर्डचं बटण दाबलेलं नव्हतं.

पुन्हा म्हण म्हटलं, तर म्हणाली, “आता पीठ झालंय ना. भाकरी करू दे आधी.”